खेळाडूंचे हप्ते वजा केलेत का?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी कोथरूडला राहतो. सगळी नोकरी एका कारखान्याच्या लेखा विभागात झाली, आता निवृत्त आहे. मुलगा एकोणतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी करतो. शाळेत असल्यापासून मँचेस्टर युनायटेडचा कट्टर चाहता. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी त्याने सहा लाख बाजूला ठेवले होते. आता म्हणतो, ते सगळे या क्लबच्या शेअर्समध्ये घालायचे, न्यूयॉर्कच्या बाजारात मिळतात. त्याने एक्सेलमध्ये दहा वर्षांचा तक्ता केला आहे: कामकाजातून आलेली रोख, त्यातून स्टेडियम आणि इमारतींवरचा खर्च वजा. एखादं वर्ष सोडलं तर उत्तर धन येतं. "बाबा, फ्री कॅश फ्लो, म्हणजे खर्च भागवून उरलेली रोख, पॉझिटिव्ह आहे आणि ट्रेंड सुधारतोय," असं त्याचं म्हणणं. मी वार्षिक निकाल पाहिले तर क्लब वर्षानुवर्षं तोट्यात. मी तोटा दाखवला की तो म्हणतो, "तुम्ही जुन्या पद्धतीने बघता." विषय निघाला की घरात वादच होतो. बरोबर कोण? आणि मी त्याला अडवावं का?

— एक वडील, कोथरूड

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या मुलाच्या तक्त्यात एक ओळ राहून गेली आहे, आणि नेमकी तीच सगळ्यात जड आहे: खेळाडू विकत घेण्यासाठी मोजलेली रोख. रोख प्रवाहाच्या पत्रकात ती इमारतींच्या शेजारी दिसत नाही. ती "अमूर्त मालमत्ता" या मथळ्याखाली असते, कारण क्लब माणूस विकत घेत नाही, त्याच्या नोंदणीचा हक्क घेतो. आयटीत काम करणाऱ्या मुलाने अमूर्त मालमत्ता म्हणजे सॉफ्टवेअर, ब्रँड, काहीतरी एकदाच होणारा खर्च असं समजून ती ओळ सोडली असेल, तर त्यात नवल नाही. सिमेंटच्या किंवा वाहनांच्या कंपनीला त्याची रीत बऱ्यापैकी चालली असती. फुटबॉल क्लबला ती चालत नाही.

समजा, पुणे-नागपूर मार्गावर खासगी बस चालवणाऱ्या मालकाने डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार वजा केला, पण बसचे हप्ते धरलेच नाहीत. त्याच्या वहीत दर महिन्याला भरपूर पैसे उरलेले दिसतील. पण बस पाच-सात वर्षांत खिळखिळी होते आणि नवी घ्यावीच लागते. घेतली नाही तर मार्ग हातचा जातो. खेळाडूंचं अगदी तसंच आहे. युनायटेडने २०१६ मध्ये पॉल पोग्बासाठी सुमारे ८.९३ कोटी पौंड मोजले. २०२२ मध्ये करार संपला आणि तो फुकटात निघून गेला. त्या पैशातलं विक्रीतून काहीही परत आलं नाही. असे खर्च थांबवायचे ठरवलं तर संघ दोन-तीन हंगामांत खाली घसरतो, आणि त्याच्यामागोमाग टीव्हीचे आणि प्रायोजकांचे पैसे. म्हणून माझ्या मते खेळाडूंची खरेदी हा क्लबचा अटळ खर्च आहे. तो वजा केल्याशिवाय जे उरतं त्याला फ्री कॅश फ्लो म्हणू नये.

आता तुमच्या बाजूबद्दल. तोटा पाहून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तोही पूर्ण नाही, आणि इथे मुलाचं थोडं बरोबर आहे. तुम्हाला घसारा समजावून सांगायची गरज नाही, पण इथे तो कसा लागतो ते पाहा. उदाहरण म्हणून धरा, पाच कोटी पौंडांचा खेळाडू, पाच वर्षांचा करार. ती किंमत पाच वर्षांत वाटून नफा-तोटा पत्रकात दरवर्षी एक कोटी घसारा पडतो. रोख मात्र बहुधा हप्त्यांनी जाते: पहिल्या वर्षी दोन कोटी, पुढची दोन वर्षं दीड-दीड कोटी. म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी पत्रकात खर्च दिसतो पण तिजोरीतून काही जात नाही. पहिल्या वर्षी उलट. तीन वर्षांनी तो खेळाडू तीन कोटींना विकला, तर पुस्तकी किंमत (घसारा जाऊन हिशेबात राहिलेली) दोन कोटी उरलेली असल्यामुळे नफा एकच कोटी दिसतो, पण रोख येते तीन कोटी, तीही पुन्हा हप्त्यांनी. क्लबच्याच अकादमीत घडलेल्या मुलाची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य असते. २०२४ मध्ये स्कॉट मॅकटोमिने नापोलीला सुमारे अडीच कोटी पौंडांना गेला, तेव्हा ती रक्कम जवळपास सगळी नफ्यात धरली गेली. त्यात भर म्हणून युनायटेडचं मोठं कर्ज डॉलरमध्ये आहे आणि हिशेब पौंडात, त्यामुळे विनिमय दर हलला की न दिलेल्या, न मिळालेल्या पैशांचाही नफा-तोटा पत्रकात उमटतो. तेव्हा रोख पाहायला हवी, हे मुलाचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त ती पूर्ण पाहायला हवी.

आता "ट्रेंड सुधारतोय" हे तपासू. जून २०२५ ला संपलेलं वर्ष घ्या, कारण त्याचा उत्साह बहुधा याच वर्षावर उभा आहे. वरवर पाहता आकडे खरंच चांगले दिसतात. महसूल ६६.६५ कोटी पौंड, क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक. तोटा आधीच्या वर्षी ११.३२ कोटी होता, तो ३.३० कोटींवर आला. व्याज, कर, घसारा यांच्या आधीचा, क्लबने स्वतः समायोजित केलेला नफा १४.७७ कोटींवरून १८.२८ कोटींवर गेला. पगाराचा बोजा ३६.४७ कोटींवरून ३१.३२ कोटींवर उतरला.

तुम्ही लेखा विभागात काम केलंय, म्हणून मी तुम्हाला उलटा हिशेब करायला सांगते. सुरुवातीची शिल्लक, शेवटची शिल्लक आणि मध्ये बाहेरून आलेले पैसे. जून २०२४ ला क्लबकडे सुमारे ७.३५ कोटी पौंड रोख होती, जून २०२५ ला ८.६१ कोटी. म्हणजे सव्वा कोटीची वाढ. पण त्याच वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, क्लबचे सहमालक सर जिम रॅटक्लिफ यांनी ठरल्याप्रमाणे १० कोटी डॉलर क्लबमध्ये घातले. पौंडात ते सुमारे आठ कोटी. आणि अल्पमुदतीचं कर्ज, जे बँकेकडून गरजेनुसार उचलायचं आणि फेडायचं असतं, ते ३.५६ कोटींवरून १६.५१ कोटींवर गेलं. आठ आणि तेरा, एकवीस कोटी बाहेरून आले आणि शिल्लक वाढली सव्वा कोटीने. हा हिशेब ढोबळ आहे, विनिमय दराने थोडा इकडेतिकडे होईल, पण वर्षभरात जवळजवळ वीस कोटी पौंड क्लबमधून बाहेर गेले हे त्यातून स्पष्ट दिसतं.

गेले कुठे? लेनी योरो, डी लिख्ट, उगार्ते, झिर्कझी असे २०२४ च्या उन्हाळ्यात घेतलेले खेळाडू, आधीच्या वर्षांतल्या खरेदीचे थकलेले हप्ते, कॅरिंग्टनच्या सरावकेंद्राचं पाच कोटींचं नूतनीकरण. यातलं बरंचसं तुमच्या मुलाच्या तक्त्याबाहेर आहे. जे वर्ष त्याला सुधारणेचं वाटतं, त्याच वर्षी क्लबने एवढं उसनं आणलं.

याआधीचंही एक वर्ष त्याला आठवत असेल. जून २०१९ ला क्लबकडे ३०.७६ कोटी पौंड रोख होती. एका वर्षाने ५.१५ कोटी उरली. कोविडने मैदानं बंद पडली हे खरं, पण त्याच हंगामात हॅरी मॅग्वायर आठ कोटींना आला, ब्रुनो फर्नांडिस आला आणि लाभांशही वाटला गेला. त्यानंतर तिजोरी पूर्वीसारखी कधी भरलीच नाही. २०२२ पासून लाभांश बंद आहे.

पगार कमी झाला याचा आनंद त्याला झाला असेल, पण त्यामागचं कारण विचारा. युनायटेडच्या बऱ्याच खेळाडूंच्या करारात अशी तरतूद आहे की चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत) जागा मिळाली नाही तर पगार उतरतो. म्हणजे खर्चातली बचत काही अंशी अपयशातून आलेली आहे. शिवाय शेकडो कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढलं गेलं. (चाहत्याने याकडेही बघावं असं मला मनापासून वाटतं. तिकीटघर, कँटीन, कार्यालयात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती ती.) दुसऱ्या बाजूला टीव्हीचा महसूल २२.१८ कोटींवरून १७.२९ कोटींवर घसरला. संघ इंग्लंडच्या लीगमध्ये पंधरावा आला, युरोपा लीगची (युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची) अंतिम लढत मे २०२५ मध्ये बिल्बाओला टॉटनहॅमकडून हरला आणि २०२५-२६ च्या हंगामात युरोपातली कुठलीच स्पर्धा उरली नाही. तरी उन्हाळ्यात कुन्या, म्बेमो, सेस्को आणि गोलकीपर लामेन्स यांच्यावर मिळून वीस कोटींहून जास्त खर्च करायचं ठरलं. संघ वर आला तर टीव्हीचे पैसे वाढतील आणि त्याबरोबर पगारही वाढेल.

आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेतून सहज सुटेल. संघाच्या व्यवस्थापकाला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढण्याची भरपाई क्लब "अपवादात्मक बाबी" म्हणून वेगळी दाखवतो, आणि विश्लेषक ती बाजूला ठेवून "खरा" नफा सांगतात. मॉयेस २०१४, व्हॅन गाल २०१६, मोरिन्हो २०१८, सोल्शायर २०२१, टेन हाग २०२४. मोरिन्होच्या वेळी जवळजवळ दोन कोटी पौंड गेले, टेन हाग आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या वेळी एक कोटीच्या आसपास. दोन-तीन वर्षांनी हमखास येणारा खर्च तुम्ही तुमच्या कारखान्यात बाजूला ठेवू दिला असता का? त्याच्या तक्त्यातही तो राहू देऊ नका.

तारखेकडेही लक्ष द्या. क्लबचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. तोवर पुढच्या हंगामाच्या सीझन तिकिटांचे पैसे येऊ लागलेले असतात, काही प्रायोजकांची रक्कमही आगाऊ आलेली असते, आणि उन्हाळ्यातली मोठी खरेदी बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये व्हायची असते. त्यामुळे जूनअखेरची शिल्लक जरा सुजलेली असते. शिवाय खेळाडूंचे हप्ते लांबवले की त्या वर्षीची रोख आपोआप बरी दिसते. म्हणून वार्षिक अहवालातली व्यापारी देण्यांची टीप वाचायलाच हवी. इतर क्लबांना खेळाडूंपोटी किती द्यायचे आहेत ते तिथे वेगळं लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे संभाव्य देण्यांची टीप असते: अमुक सामने खेळला, अमुक स्पर्धा जिंकली तर आणखी इतके. हा अहवाल, त्याचं नाव फॉर्म ट्वेंटी-एफ, अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. खेळाडूंची देणी दरवर्षी वाढत असतील, तर ती वाढही त्या वर्षीच्या खर्चात धरून बघा. एकेका वर्षाचा आकडा फसवा असतो, निदान चार-पाच वर्षांची बेरीज करा.

समजा, एखाद्या वर्षी खरंच काही उरलं. ते तुमच्या मुलापर्यंत पोहोचेल का? माझी मुख्य शंका इथे आहे. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. जून २०२५ मध्येही मुख्य कर्ज ६५ कोटी डॉलर होतं. त्यातले ४२.५ कोटींचे रोखे २०१५ मध्ये ३.७९ टक्के व्याजाने काढले होते, त्यांची मूळ मुदत जून २०२७. त्या काळातलं स्वस्त व्याज आता मिळत नाही, म्हणजे नव्या दराने काढलेलं कर्ज रोख जास्त खाईल. मार्च २०२५ मध्ये एक लाख आसनांचं नवं स्टेडियम बांधायची घोषणा झाली, अंदाजे दोनशे कोटी पौंडांचं. आणि मतदानाचा हक्क? बाजारात मिळणारा शेअर अ वर्गाचा, एका शेअरला एक मत. ग्लेझर आणि रॅटक्लिफ यांच्याकडच्या ब वर्गाला दहा मतं. लाभांश सुरू करायचा की आणखी एक स्ट्रायकर घ्यायचा हे तेच ठरवणार, आणि चाहता म्हणून तुमचा मुलगाही स्ट्रायकरच मागेल. यात त्याचं काही चुकत नाही. पण चाहत्याला जे हवं असतं आणि भागधारकाला जे हवं असतं, ते एकाच तिजोरीतून यायचं असतं.

शेअरचा भावही हेच सांगतो. २०१२ मध्ये तो पहिल्यांदा १४ डॉलरला विकला गेला. २०२४ च्या सुरुवातीला रॅटक्लिफ यांनी ३३ डॉलरने हिस्सा घेतला, आणि त्यानंतर बाजारात तोच शेअर वीस डॉलरच्याही खाली मिळत राहिला. ३३ डॉलर ही क्लबच्या नियंत्रणात वाटा मिळवण्याची किंमत होती. तुमच्या मुलाच्या सहा लाखांत तो वाटा मिळत नाही.

दुसरीकडे बरं आहे का, असं तो विचारेल. जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड हा शेअर बाजारात नोंदलेल्या क्लबांमधला मला सगळ्यात शिस्तीचा वाटतो. २००५ मध्ये दिवाळखोरीच्या कडेला गेलेला हा क्लब तरुण खेळाडू घेऊन, घडवून, विकून उभा राहिला. ज्यूड बेलिंगहॅम २०२३ मध्ये रियाल माद्रिदला १०.३ कोटी युरोंना दिला. तिथे खेळाडूंच्या विक्रीची ओळ खरोखर भरीव असते. तरीही २००० साली ११ युरोंना विकलेला शेअर २०२५ मध्ये तीन-चार युरोंच्या आसपास घुटमळत होता. इटलीच्या युव्हेंटसने तर २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये भागधारकांकडूनच पुन्हा पैसे मागितले, तीस, चाळीस आणि वीस कोटी युरो. रोख कमी पडली की ती कुठून तरी भरावी लागते. आपल्याकडे बालेवाडीला एफसी पुणे सिटी २०१४ पासून खेळत होता, २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. किती पोरांनी त्या नारिंगी जर्सीत संध्याकाळी घालवल्या होत्या.

आता मुलाबद्दल. त्याला अडवू नका. एकोणतीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलाला वडिलांनी "नाही" म्हटलं की तो हिशेब विसरतो आणि हट्टाला पेटतो. शिवाय दहा वर्षांचे आकडे मांडून बसणारा मुलगा आहे. त्याच्या मेहनतीचं आधी मोकळेपणाने कौतुक करा, कारण ती खरंच कौतुकाची आहे. मग त्याच्याशेजारी बसून त्याच तक्त्यात चार ओळी घाला: खेळाडूंसाठी दिलेली रोख, खेळाडू विकून आलेली रोख, कर्जातली वाढ, मालकांनी घातलेले पैसे. आकडे त्यालाच शोधू द्या. व्याज कुठे धरलंय ते मात्र तुम्ही तपासा. युनायटेडच्या पत्रकात ते कामकाजाच्या रोखीतूनच आधी वजा होतं, दुसऱ्यांदा वजा करू नका. हे काम तुम्ही आयुष्यभर केलंय आणि त्याला ते येत नाही. फुटबॉल त्याला कळतं आणि तुम्हाला फारसं नाही. दोघांची गरज पडेल.

आणि डाउन पेमेंटचे सहा लाख यात घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत त्याला सांगा. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा एकाच शेअरमध्ये, तोही परदेशी चलनात, तोही पुढच्या मोसमातल्या चेंडूवर अवलंबून असणाऱ्या कंपनीत ठेवू नये. क्लबवरच्या प्रेमापोटी थोडे शेअर्स हवेच असतील, तर जर्सी आणि सामन्यांवर तो वर्षाला जेवढे उडवतो तेवढ्याचे घेऊ दे. ते आनंदाचे पैसे समजावेत. मी त्याला हरकत घेणार नाही.

तसे थोडे घेतलेच तर कागदपत्रं नीट ठेवा. परदेशी शेअर्ससाठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून जातात. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि वर्षभरात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर वीस टक्के कर आधी कापून घेतात, जो विवरणपत्रात वळता होतो. शेअर चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकला तर त्याच्या नेहमीच्या दराने. एकच शेअर असला तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरावंच लागतं, आणि ते एप्रिल-मार्चऐवजी जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचं असतं. पहिल्या वर्षी ते तुम्हीच भरून द्या.